ठाणे खाडीतील फ्लेमिंगो आणि त्यांचे अभयारण्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की ऐरोली, वाशी, नेरूळ, मुलुंड आणि ठाण्याच्या कोपरीतून प्रश्न येऊ लागतात आणि मे अखेरपर्यंत ते येतच राहतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात शक्यतो पुन्हा सांगितलेली नाही. तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. केवळ पक्षी पाहण्याची वेळ हवी असेल, तर थेट प्रश्न ५ वाचावा.

१. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य नेमके कोठे आहे? वाशीच्या पुलावरून दिसते तेच का?

होय, पुलावरून उत्तरेकडे पाहिले की जो चिखल, पाणी आणि कांदळवनाचा हिरवा पट्टा दिसतो, तोच अभयारण्याचा भाग आहे. वाशीचा खाडीपूल आणि ऐरोली-मुलुंड पूल यांच्या दरम्यान, मुख्यतः खाडीच्या पश्चिम काठाने ते पसरलेले आहे. राज्य शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी त्याची अधिसूचना काढली. एकूण क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर लगतचे जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे महाराष्ट्रातील दुसरे सागरी अभयारण्य होय. त्याची व्यवस्था वन विभागाचा कांदळवन कक्ष पाहतो.

खाडी स्वतः याहून बरीच मोठी, सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. उत्तरेला ती एका अरुंद फाट्याने उल्हास नदीशी जोडलेली आहे आणि दक्षिणेला मुंबई बंदरात उघडते. शिवडीचा चिखल आणि नेरूळ-सीवूड्सचे तलाव याच खाडीशी जोडलेले असले, तरी ते अभयारण्याच्या सीमेत येत नाहीत. लोकांना सर्वांत जास्त फ्लेमिंगो जेथे दिसतात त्यांतील काही जागा कागदावरच्या अभयारण्याबाहेर आहेत, ही बाब ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे अनेक प्रश्न समजत नाहीत.

२. अभयारण्य, पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आणि रामसर क्षेत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कायदेशीर ताकदही सारखी नाही. अभयारण्य वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येते. तेथे शिकार, अधिवासाचा नाश आणि विनापरवाना प्रवेश हे गुन्हे आहेत. अभयारण्याभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०२१ मध्ये जाहीर झाले. तेथे माणसांची वस्ती आणि व्यवहार चालू राहतात, परंतु काही प्रकारचे उद्योग आणि बांधकामे यांवर बंदी किंवा नियंत्रण असते. या दोन्हींचे मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्र २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराखालील ही पाणथळ जागांची यादी आहे. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर ठाणे खाडी ही महाराष्ट्रातील तिसरी रामसर जागा ठरली.

रामसरचा शिक्का लागला म्हणून आपोआप कोणावर गुन्हा दाखल होत नाही. कारवाई होते ती देशातल्या कायद्यांखाली. त्यामुळे तक्रार लिहिताना केवळ ‘रामसर क्षेत्रात भराव टाकला’ असे न लिहिता ती जागा अभयारण्यात आहे, कांदळवनात आहे की सागरी किनारा नियमन क्षेत्रात आहे, हे नोंदवावे.

३. फ्लेमिंगो कोठून येतात आणि किती दिवस राहतात?

बहुतेक गुजरातमधून, विशेषतः कच्छच्या रणाकडून येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून आणि २०२२ मध्ये काही पक्ष्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून खाडी आणि गुजरात यांमधील ये-जा नोंदवली आहे. साधारणपणे नोव्हेंबरपासून थवे दिसू लागतात, जानेवारीनंतर संख्या वाढत जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस किंवा जूनमध्ये, ते परततात. भर हंगामात त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. कच्छ आणि सौराष्ट्रात पाऊस जास्त झाला व तेथील पाणी उशिरापर्यंत टिकले, तर येथे येणे लांबते. डिसेंबरात खाडी रिकामी दिसली म्हणून लगेच ‘पक्षी रुसले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

४. खाडीचे पाणी सांडपाण्याने काळे झालेले आहे. मग इतके देखणे पक्षी तेथे कसे राहतात?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे अवघड आहे. लहान फ्लेमिंगोचे मुख्य अन्न म्हणजे नील-हरित शैवाल आणि तत्सम सूक्ष्म वनस्पती. सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र आणि स्फुरदामुळे असे शैवाल भरभरून वाढते. खाडीत गाळ साचत गेल्याने उथळ चिखलाचे विस्तीर्ण पट्टेही तयार झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीच्या किनाऱ्यावर फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले, त्यामागे ही दोन कारणे असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

यावरून प्रदूषण पक्ष्यांना मानवते, असा अर्थ मात्र काढू नये. शैवालाला पोषक असलेल्या त्याच पाण्यातून जड धातू, तेल आणि रसायनेही चिखलात उतरतात. प्राणवायू एका मर्यादेखाली गेला की मासे आणि चिखलातले किडे मरतात, आणि मग शैवालावर न जगणाऱ्या पक्ष्यांची उपासमार होते. कोळी बांधवांना विचारले, तर पूर्वी मिळणारी किती मासळी आता जाळ्यात येत नाही, हे ते नावे घेऊन सांगतात. थव्याचा गुलाबी रंग हे पाणी स्वच्छ असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

५. कोणत्या वेळी गेलो तर पक्षी नक्की दिसतील? आम्ही दोनदा गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो.

घड्याळ पाहून जाऊ नये, भरती पाहून जावे. खाडीतील पक्ष्यांचा सारा दिनक्रम पाण्यावर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खाडीत पसरून चरतात. भरतीचे पाणी चिखलावर चढले की पाय टेकण्याजोगी उथळ जागा उरत नाही आणि थवे काठालगतच्या तलावांकडे व मिठागरांकडे सरकतात. नेरूळ-सीवूड्सचा डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळचा तलाव, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळील पाणथळ जागा आणि भांडुपच्या उदंचन (पाणी उपसा) केंद्राजवळील परिसर या त्यांच्या भरतीच्या वेळच्या विश्रांतीच्या जागा आहेत. म्हणून तलावावर जायचे असेल तर भरतीच्या आधी सुमारे दोन तास ते नंतर दोन तास हा काळ निवडावा; खाडीकाठावरून चरणारे थवे पाहायचे असतील तर पाणी उतरत असताना किंवा पुन्हा चढू लागताना जावे. पूर्ण ओहोटीला पक्षी इतके दूर असतात की दुर्बिणीतूनही गुलाबी रेषेपलीकडे काही दिसत नाही.

भरतीचे वेळापत्रक हाताशी नसेल, तर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब पुरेसा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यासाठी आहे आणि खाडीत आत जावे तसा थोडा उशीर होतो, परंतु सहल ठरवण्यासाठी त्याने काम भागते.

यावरून आमची शिफारस अशी: डीपीएस तलावासाठी द्वादशी किंवा त्रयोदशीची सकाळ निवडावी. भरती नऊ ते पावणेदहाच्या सुमारास येते, ऊन कोवळे असते आणि उधाण जवळ असल्यामुळे पाणी चांगले चढते. पौर्णिमा आणि अमावास्येला पाणी याहून मोठे असते खरे, पण भरती ऐन दुपारी येते आणि एप्रिलमध्ये त्या उन्हात मुलांना व ज्येष्ठांना उभे करणे योग्य नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. तेव्हा भरतीलाही काही चिखल उघडा राहतो, थव्यांना खाडी सोडावी लागत नाही आणि तलाव रिकामा दिसू शकतो. दोनदा निराश होऊन परतलेल्या बहुतेकांचे गणित येथेच चुकलेले असते.

६. ऐरोलीहून बोट मिळते का?

मिळते. ऐरोली येथे कांदळवन कक्षाचे सागरी व किनारी जैवविविधता केंद्र आहे आणि तेथून हंगामात बोटफेरी निघते. बोटीला पाणी लागते, त्यामुळे फेऱ्यांच्या वेळा रोज भरतीप्रमाणे बदलतात आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. आधी नोंदणी करूनच निघावे. फेरीची वाट पाहताना केंद्रातील माहितीदालन आणि कांदळवनातील लाकडी पायवाट अवश्य पाहावी. ज्यांनी तिवराची श्वसनमुळे कधी जवळून पाहिली नाहीत, त्यांच्यासाठी ती पायवाट बोटीइतकीच मोलाची आहे.

७. मोठा आणि लहान फ्लेमिंगो कसा ओळखावा?

चोच पाहावी. मोठ्या फ्लेमिंगोची, म्हणजे मोठ्या रोहितची, चोच फिकट गुलाबी असून फक्त टोक काळे असते. लहान रोहितची चोच गडद लाल असते आणि दुरून सबंध काळी भासते. मोठा पक्षी उंच, लांब मानेचा आणि बराचसा पांढुरका असतो. लहान पक्षी ठेंगणा आणि अधिक गुलाबी असतो. ठाणे खाडीत लहान रोहितांचे प्रमाण जास्त आहे. जगभरात ही जात ‘संकटसमीप’ गणली जाते, म्हणून या खाडीची जबाबदारी मोठी आहे. दोघांचे अन्नही वेगळे आहे. दोघेही डोके उलटे करून चोचीतून पाणी गाळतात, परंतु मोठ्याच्या चोचीतील चाळण जाड असल्याने तो कोळंबीवर्गीय जीव, अळ्या आणि लहान शिंपले खातो, तर लहान रोहितची बारीक चाळण शैवाल अडवते. त्यामुळेच दोन्ही जाती एकाच चिखलावर एकमेकांच्या ताटात हात न घालता चरू शकतात.

८. थव्यात काही पक्षी करड्या रंगाचे दिसले. ते आजारी आहेत का?

नाहीत, ती पिल्ले आहेत. फ्लेमिंगोचे पिल्लू करड्या रंगाचे असते. शैवालातून आणि ते खाणाऱ्या जीवांतून मिळणारी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पिसांत उतरत जातात, तसा काही वर्षांत गुलाबी रंग चढतो. आजारी पक्ष्याची खूण निराळी असते. त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

९. ते येथे घरटी करतात का?

नाही. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. तेथे पसरट, खाऱ्या आणि निर्मनुष्य पाण्यात मातीचे उंचवटे रचून मादी प्रत्येकी एकच अंडे घालते. ठाणे खाडी हे त्यांचे चरण्याचे आणि बळ साठवण्याचे ठिकाण आहे.

१०. फ्लेमिंगोंशिवाय येथे पाहण्यासारखे काय आहे?

खरे सांगायचे तर पुष्कळ, आणि ते बहुधा दुर्लक्षित राहते. खाडीत २०० हून अधिक पक्षिजातींची नोंद आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून आणि त्याही उत्तरेकडून आलेले टिलवे, तुतवार, चिखले आणि पाणटिवळे हजारोंच्या संख्येने चिखलावर धावत असतात. उचाट्याची वर वळलेली चोच आणि शेकाट्याचे लांब लाल पाय एकदा पाहिले की विसरत नाहीत. कुरव पक्षी पुलांच्या आसपास घोंगावतात. चित्रबलाक, शराटी, समुद्री बगळे आणि खंड्या काठाने दिसतात. दलदली भोवत्या आणि ऑस्प्रे वरून टेहळणी करतात. चिखलावर निवट्या उड्या मारतात, आणि कांदळवनात पहाटे कोल्हे दिसण्याचे प्रसंगही ऐरोली-वाशीकरांना नवे नाहीत. ज्यांना केवळ एकदा यायचे आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत यावे: फ्लेमिंगो थोडे कमी असतील, पण पक्ष्यांची विविधता सर्वाधिक असते.

११. अभयारण्य असूनही होड्या आणि जाळी दिसतात. ही मासेमारी बेकायदा आहे का?

सरसकट तसे समजून तक्रार करू नये. दिवा, घणसोली, वाशी, कोपरी आणि पलीकडे भांडुप-मुलुंड येथील कोळी व आगरी कुटुंबे अभयारण्य होण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून या खाडीवर जगत आली आहेत. सागरी क्षेत्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचे रक्षण करावे, असे वन्यजीव अधिनियमातच म्हटले आहे. हाताने निवट्या आणि चिंबोऱ्या पकडणारी बाई किंवा पाग टाकणारा माणूस पक्ष्यांचा शत्रू नाही; चिखलावर कोठे भराव पडला, कोणत्या नाल्यातून रंगीत पाणी आले, हे सर्वांआधी त्यांनाच कळते. रसायन टाकून मासे मारणे किंवा पक्ष्यांसाठी जाळी लावणे हे मात्र गुन्हे आहेत आणि त्यांची खबर तत्काळ द्यावी.

१२. डीपीएस तलाव अभयारण्यात नाही, मग त्याच्यासाठी एवढा आग्रह कशासाठी?

कारण पक्ष्यांना अधिसूचनेची सीमा ठाऊक नसते आणि भरतीला त्यांना कोठेतरी उभे राहावेच लागते. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे खाडी आणि तलाव ही एकाच अधिवासाची दोन टोके आहेत. दिवसातून दोनदा, उधाणाच्या दिवसांत तर अपरिहार्यपणे, थव्यांना काठावरच्या उथळ पाण्याचा आसरा लागतो. ते तलाव बुजले, तर अभयारण्याची एक इंचही जागा कमी न होता पक्षी निघून जातील.

सुमारे ३० एकरांच्या या तलावात पाणी खेळते ते खाडीशी जोडलेल्या वाहिन्यांमधून. त्या बुजल्या की आतले पाणी कुजते किंवा आटते, शैवालाचा थर जमतो आणि पक्षी पाय ठेवीनासे होतात. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत या परिसरात काही फ्लेमिंगो मेले, तेव्हा हाच विषय ऐरणीवर आला आणि नागरिकांनी पाण्याची वाट मोकळी करण्याची मागणी लावून धरली. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव म्हणून जपण्याचा निर्णय घेतला. आमच्या मते हा योग्य दिशेचा निर्णय आहे, परंतु त्याची खरी कसोटी पाण्याची वाहिनी बाराही महिने उघडी राहते की नाही यात आहे. टी. एस. चाणक्यजवळील पाणथळ जागांना आणि उरणकडील पाणजेलाही हाच न्याय लागू व्हायला हवा.

१३. फ्लेमिंगो विमानावर कसे आदळले? पक्षी रात्री उडतात का?

उडतात. लांबचा प्रवास ते बहुधा रात्रीच करतात आणि भरती रात्री आली तर जागाही रात्रीच बदलतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात एका प्रवासी विमानाची थव्याशी धडक होऊन सुमारे ४० फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. उंच खांब, तारा आणि पाणथळ जागेकडे रोखलेले प्रखर दिवे यांमुळेही अंधारात उडणाऱ्या थव्यांना धोका वाढतो. तलावालगतच्या सोसायट्यांनी निदान नोव्हेंबर ते मे या काळात पाण्याच्या दिशेचे प्रकाशझोत बंद ठेवावेत, ही आमची कळकळीची विनंती आहे.

१४. रस्त्यावर किंवा इमारतीच्या आवारात फ्लेमिंगो उतरलेला दिसला तर काय करावे?

त्याला पकडून स्वतः खाडीत नेऊ नये. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर ठिकाण कळवावे, कुत्री आणि गर्दी दूर ठेवावी, आणि शक्य असल्यास पक्ष्यावर सावली करावी. त्याला खाऊ घालू नये व चोचीत पाणी ओतू नये. पाणी श्वसनमार्गात जाऊन पक्षी दगावू शकतो. मान खाली टाकलेली असणे, पंख लोंबणे किंवा माणूस जवळ आला तरी न उडणे ही आजाराची वा दुखापतीची लक्षणे होत. एका पायावर उभा राहून मान पिसांत खुपसलेला पक्षी मात्र झोपलेला असतो. त्याला उठवू नये. मृत पक्षी आढळल्यास हात न लावता छायाचित्र काढून त्याच क्रमांकावर कळवावे.

१५. आमच्या सोसायटीसमोरच्या तिवरांमुळे डास होतात. ती छाटता येतील का?

परवानगीशिवाय नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली असून भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित ठरवला आहे. डासांची वीण साचलेल्या पाण्यात होते. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होणाऱ्या कांदळवनात पाणी साचून राहत नाही; भराव टाकून किंवा मोरी बुजवून ती ये-जा थांबवली की साचते. तेव्हा आधी पाण्याची वाट तपासावी.

१६. मग मोकळ्या चिखलावर आणखी कांदळवन लावले तर अधिक चांगले, नाही का?

हेतू चांगला असला तरी उत्तर नाही असे आहे. फ्लेमिंगो आणि चिखलातले छोटे पक्षी झाडांत चरत नाहीत; त्यांना उघडा चिखल आणि दूरवर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते. गाळ वाढल्याने खाडीत कांदळवन आधीच चिखलाकडे सरकत आहे. पूर्वी कांदळवन होते आणि तोडले गेले तेथे ते पुन्हा लावावे. पक्ष्यांच्या चरण्याच्या चिखलावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेऊ नये.

१७. छायाचित्रासाठी ड्रोन उडवला किंवा थवा उडावा म्हणून टाळी वाजवली तर काय बिघडते?

ड्रोन अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि तलावांवरही उडवू नये. थव्याला तो शिकारी पक्षी वाटतो. परतीच्या प्रवासापूर्वी पक्षी अंगात चरबी साठवत असतात, आणि प्रत्येक अनावश्यक उड्डाणात ती खर्च होते. उडत्या थव्याचे छायाचित्र हवे असेल तर भरती ओसरू लागताना तलावाकाठी थांबावे, थवे आपणहून खाडीकडे निघतात. कुरवांना गाठी-शेव घालणेही थांबवावे. तळलेले, खारट खाणे त्यांच्या आहारातले नाही.

१८. पावसाळ्यातही काही फ्लेमिंगो दिसले. ते वाट चुकले आहेत का?

तसे नाही. सर्वच पक्षी वीणीसाठी परतत नाहीत. वयात न आलेले आणि त्या वर्षी न विणणारे काही पक्षी मागे राहतात, आणि त्यांना पुरेसे अन्न येथे मिळते. असा थवा दिसल्यास तारीख, ठिकाण, अंदाजे संख्या आणि करड्या पिल्लांचे प्रमाण नोंदवून ई-बर्डसारख्या खुल्या नोंदवहीत टाकावे. जून ते ऑक्टोबर या काळात निरीक्षक फारसे फिरकत नसल्याने अशा नोंदींचा अभ्यासकांना विशेष उपयोग होतो.